परमुलखातील रस्त्यांवरील फलक कसे वाचावेत

युरोपात उतरल्यावर मोटार भाड्याने घ्यावी, म्युनिकहून निघून आल्प्सचे घाट ओलांडावेत आणि फ्लॉरेन्स-सिएनापर्यंत आपल्या मर्जीने हिंडून यावे, असे बेत आखणारी मराठी कुटुंबे आता दुर्मिळ राहिलेली नाहीत. आणि अशा प्रवासाच्या सिद्धतेत ही मंडळी व्हिसाचे कागद, मुक्कामाच्या खोल्या, थंडीचे कपडे व शाकाहारी भोजनाची तजवीज यांविषयी जी दक्षता दाखवितात, तिचा दशांशही ज्या रस्त्यांवरून आपण शेकडो किलोमीटर जाणार त्या रस्त्यांवरील फलकांच्या वाट्याला बहुधा येत नाही. फलकांवर चित्रेच असतात, चित्राला भाषा लागत नाही, तेव्हा पाहिले की समजेल, असा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब अर्धाच खरा आहे. हरणाचे चित्र पाहून हरिण समजते, घसरणारी मोटार पाहून निसरडा रस्ता समजतो. परंतु परका चालक गोत्यात येतो तो बहुतेक वेळा चित्र न कळल्यामुळे नव्हे, तर चित्र कळूनही त्याचा अंमल न कळल्यामुळे, असा माझा ग्रह आहे.

म्हणून माझी वाचकांना पहिली विनंती अशी की, फलक हा एक सरकारी हुकूम आहे असे समजून त्याच्याकडे पाहावे, आणि असा कागद टेबलावर आला असता कचेरीतील जाणता कारकून जे तीन प्रश्न मनाशी विचारतो तेच प्रश्न त्याला विचारण्याची सवय लावून घ्यावी: हा हुकूम कोणाला लागू आहे, कोणत्या वेळी लागू आहे, आणि त्याची हद्द कोठपासून कोठपर्यंत आहे? पुढील विवेचन मुख्यत्वे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली आणि फ्रान्स या एकमेकांना लागून असलेल्या देशांपुरते आहे, कारण आपल्याकडील प्रवासी मोटार घेऊन सहसा याच मुलखात हिंडतात.

या फलकांचे मूळ फार जुने नाही. मोटारींच्या दळणवळणासंबंधी 1909 साली पॅरिस येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात वळण, चौरस्ता, रेल्वेचे फाटक आणि रस्त्यातील उंचवटा-खळगा या चारच धोक्यांच्या चिन्हांवर राष्ट्रांचे एकमत होऊ शकले होते. आज युरोपातील बहुतेक देशांना बांधून ठेवणारा करार 8 नोव्हेंबर 1968 रोजी व्हिएन्ना येथे झाला व 1978 साली अमलात आला. आपला देशही त्यात पक्षकार आहे, आणि आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातील चिन्हे पाहिली तर त्यांचे व युरोपीय चिन्हांचे नाते सहज ध्यानात येते. टोक वर असलेला लाल किनारीचा त्रिकोण इशारा देतो, लाल किनारीचे वर्तुळ मनाई करते, निळे वर्तुळ आज्ञा करते आणि निळा चौकोन बहुधा माहिती पुरवितो. दोन आकृती मात्र राखीव ठेविल्या आहेत: थांबण्याच्या हुकुमासाठी अष्टकोन आणि वाट देण्याच्या हुकुमासाठी टोक खाली असलेला त्रिकोण. ही योजना मोठी शहाणपणाची आहे, कारण बर्फाने अक्षरे झाकली गेली तरी आकृती लपत नाही. शिवाय आडव्या रस्त्यावरच्या फलकाची केवळ पाठ दिसत असली तरी त्या बाजूने येणाऱ्याला थांबावयाचे आहे एवढे आपल्याला कळते.

इशाऱ्यांच्या त्रिकोणांवर अधिक वेळ घालविण्याचे कारण नाही. मनाईच्या वर्तुळांत मात्र एक फसगत दडलेली आहे. आपल्याकडे ट्रकला किंवा सायकलला बंदी असेल तर त्या चित्रावर तिरपी तांबडी रेघ मारलेली असते, आणि त्या रेघेवरून बंदी ओळखण्याची सवय आपल्या डोळ्याला जडलेली असते. युरोपात वळण्याची मनाई करणाऱ्या बाणावर अशी रेघ असते, पण वाहनांच्या चित्रांवर ती बहुधा नसते. लाल कडे, पांढरी पार्श्वभूमी आणि तीत निवांत उभी असलेली काळी मोटार, एवढेच दिसते; नवख्याला वाटते की हा रस्ता मोटारींसाठी राखून ठेविलेला दिसतो, आणि तो निःशंकपणे नेमका त्याच रस्त्यात शिरतो. याहून विलक्षण म्हणजे आत काहीही नसलेले लाल वर्तुळ. रंगाऱ्याने काम अर्धवट टाकून घरची वाट धरली असावी असे ते पाहून वाटते, परंतु त्याचा अर्थ सर्वांत कडक आहे: सर्व वाहनांना येथे मज्जाव.

निळ्या रंगाविषयीही असाच खुलासा आवश्यक आहे. निळा रंग दिसला की सवलत किंवा माहिती असणार असे गृहीत धरणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की, वाहन उभे करण्याच्या मनाईचा फलक हा निळ्या वर्तुळाला लाल किनार देऊन केलेला असतो. त्यावर एक तांबडी रेघ असेल तर गाडी लावून ठेवता येत नाही, आणि दोन रेघा एकमेकींना छेदत असतील तर क्षणभर थांबताही येत नाही. जर्मनीत तीन मिनिटांपेक्षा अधिक थांबणे किंवा गाडी सोडून जाणे याला गाडी लावणे समजतात, तेव्हा ‘मी येथेच तर होतो’ ही सबब तेथे चालत नाही. तांबड्या कड्यातील 30 हा आकडा वेगाची कमाल मर्यादा सांगतो, निळ्या वर्तुळातील पांढरा 30 किमान मर्यादा सांगतो. आणि निळ्या आयताकृती फलकावर घर, मोटार आणि चेंडू खेळणारे मूल असे प्रसन्न चित्र दिसले तर ती उद्यानाची पाटी समजू नये. त्या वस्तीत जर्मन कायद्याप्रमाणे माणसाच्या चालीने गाडी हाकावी लागते, आखून दिलेल्या जागेखेरीज कोठेही ती उभी करता येत नाही, आणि तेथून बाहेर पडताना बाकी सर्वांना वाट द्यावी लागते.

आता मुख्य प्रकरणाकडे वळतो. चौकात पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे वाहनाचा आकार, हॉर्नचा आवाज आणि चालकाची धिटाई यांच्या त्रैराशिकाने सोडविला जातो. युरोपात तो फलकांनी सोडविलेला असतो, आणि ज्याचा हक्क असतो तो वेग कमी न करता निर्धास्तपणे पुढे येतो. परक्याला धोका आहे तो या निर्धास्तपणाचा. पांढऱ्या किनारीचा पिवळा समभुज चौकोन, कोनावर उभा केलेला, दिसला की आपण अग्रहक्काच्या रस्त्यावर आहोत असे समजावे, आणि हा हक्क पुढील प्रत्येक चौकात आपल्याकडे राहतो. त्याच चौकोनावर काळ्या तिरप्या रेघा आल्या की तो संपला. इशाऱ्याच्या त्रिकोणात जाड उभा बाण आणि त्याला छेदणारी बारीक आडवी रेघ असेल तर तोच हक्क, पण लगतच्या एकाच चौकापुरता. कधी मुख्य रस्ता चौकात सरळ न जाता डावीकडे किंवा उजवीकडे वळतो. अशा वेळी फलकाखाली लहानशा पाटीवर चौकाचा नकाशा असतो व त्यातील जाड रेघ मुख्य रस्त्याची वाट दाखविते. सरळ जाणारा मनुष्य आपण मुख्य रस्त्यावरच आहोत या समजुतीत असतो, आणि जाड रेघ मात्र वळून गेलेली असते. ही पाटी वाचल्याखेरीज अशा चौकात पाऊल टाकू नये.

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे राहून तेथे गाडी चालविण्याचा सराव झालेल्या वडीलधाऱ्यांसाठी येथे एक स्वतंत्र ताकीद दिली पाहिजे. तिकडे कोनावर उभा केलेला पिवळा चौकोन हा धोक्याचा इशारा असतो, त्याच्यावर काळे चित्र असते आणि तो पाहून मनुष्य वेग आवरतो. युरोपातील पिवळ्या चौकोनावर चित्र नसते आणि तो अधिकार देतो. न्यू जर्सीतील सवयीने जर्मनीच्या मुख्य रस्त्यावर प्रत्येक पिवळ्या चौकोनाशी गाडी मंदावली तर पाठीमागून येणाऱ्याच्या मनात जो विचार येईल तो येथे लिहिण्याजोगा नाही.

पण कोणताच फलक नसेल तर? या प्रश्नाचे उत्तर ज्याला माहीत नाही त्याने युरोपात सुकाणूचक्र हाती घेऊ नये, इतक्या स्पष्टपणे मी ते सांगेन. फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. तो गल्लीतून येवो, सायकलवरून येवो, आपला रस्ता त्याच्या रस्त्याच्या दुप्पट रुंद असो. वाट त्याला द्यावयाची. आपल्याकडील नियमांतही अनियंत्रित चौकात उजवीकडील वाहनाला वाट द्यावी असे लिहिलेले आहे, परंतु ते आपण परीक्षेपुरते वाचलेले असते, आणि जर्मनीतील निवासी वस्तीत तर, जेथे वेगमर्यादा 30 ची असते आणि फलक मुद्दामच काढून टाकलेले असतात, तोच एक कायदा असतो. अशा वस्तीत प्रत्येक उजव्या गल्लीच्या तोंडाशी पाय ब्रेकवर नेणे हा एकच सुरक्षित परिपाठ. फ्रान्समध्ये त्रिकोणात काळी फुली दिसली तर ती पुढच्या चौकात हाच नियम लागू असल्याची वर्दी होय.

हुकुमांतही वरिष्ठ-कनिष्ठ असा अनुक्रम असतो. पोलिसाच्या हाताची खूण दिव्याला रद्द करते, दिवा अग्रहक्काच्या फलकाला रद्द करतो, आणि फलक उजवीकडच्या नियमाला रद्द करतो. यामुळे जर्मनीत दिव्याच्याच खांबावर उलटा त्रिकोण किंवा पिवळा चौकोन लावलेला पाहून बुचकळ्यात पडण्याचे कारण नाही: दिवा चालू असेतोवर तो फलक निद्रिस्त आहे, आणि रात्री दिवे मालविले किंवा पिवळा दिवा नुसता लुकलुकू लागला की त्याचा अंमल सुरू होतो. तांबड्या दिव्याशेजारी काळ्या पाटीवर रंगविलेला हिरवा बाण आढळला तर गाडी पूर्ण थांबवून, कोणी येत नाही याची खात्री करून उजवीकडे वळता येते. ही सोय मूळची पूर्व जर्मनीची असून एकीकरणानंतर 1994 पासून ती साऱ्या देशात लागू झाली. तशी पाटी नसताना तांबड्या दिव्यावर वळण्याचा अमेरिकी रिवाज येथे गुन्हा ठरतो.

वर्तुळाकार चौकात उलटा त्रिकोण आणि निळ्या वर्तुळातील तीन बाण असे दोन्ही फलक असतील तर आत फिरणाऱ्यांचा हक्क पहिला. तथापि पॅरिसमधील विजयकमानीभोवतीच्या विख्यात वर्तुळात हा क्रम उलटा आहे. तेथे उजवीकडून आत येणाऱ्याला फिरणाऱ्यांनी वाट द्यावयाची असते. बारा रस्ते एकत्र येणाऱ्या त्या ठिकाणी पहिल्या दिवशी गाडी नेऊच नये, कमानीवर चढून तो सोहळा वरून पाहावा.

घाटांविषयी दोन शब्द. स्वित्झर्लंडच्या अरुंद चढांवर दोन गाड्या समोरासमोर आल्या असता उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी असा नियम आहे. वरंध किंवा आंबोलीचा घाट चढलेल्या माणसाला हे शिकविण्याची गरज नाही, कारण आपल्या रस्त्यांचे नियमही हेच सांगतात. निराळे आहे ते निळ्या पाटीवरील पिवळे शिंग. पूर्वी टपालाच्या घोडागाड्या जे शिंग फुंकीत त्याचे ते चित्र असून, त्याचा अर्थ असा की हा डोंगरी टपालमार्ग आहे आणि अरुंद जागी पिवळ्या टपालबसच्या चालकाने मागे हटा म्हटले तर मागे हटलेच पाहिजे. वळणाआड तीन सुरांचा कर्णा ऐकू आला तर बस येत आहे असे समजून जेथे रुंदी असेल तेथे आधीच थांबावे. ते तीन सूर रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या संगीतिकेच्या प्रास्ताविकातले आहेत, एवढी रसिकता सरकारी खात्याने दाखविलेली क्वचितच आढळते.

मुख्य फलकाखाली जी लहान पांढरी पाटी असते तिच्याकडे मी आता लक्ष वेधतो. कोणाला आणि केव्हा, या दोन प्रश्नांची उत्तरे तिच्यावर असतात, आणि परकी भाषा पहिल्यांदा आड येते ती येथेच. सुदैवाने पाठ करावयाचे शब्द मूठभर आहेत. जर्मन प्रदेशात ‘फ्राय’ म्हणजे मोकळीक: मनाईच्या वर्तुळाखाली सायकलचे चित्र व ‘फ्राय’ असेल तर बंदी सायकलींना नाही. ‘आनलीगर फ्राय’ असेल तर त्या रस्त्यावरील घरांत राहणाऱ्यांना आणि त्यांच्याकडे काम असणाऱ्यांना मुभा आहे. आपले हॉटेल त्याच गल्लीत असेल तर आपणही त्यात मोडतो आणि भीतीने सामान डोक्यावर वाहून नेण्याची आवश्यकता नाही. फ्रान्समध्ये हेच काम ‘सोफ’ हा शब्द करतो, आणि ‘सोफ रिव्हरँ’ म्हणजे तेथील रहिवासी वगळून. वेगमर्यादेखाली ‘रापेल’ असेल तर ती नवी मर्यादा नाही, आधीच्या मर्यादेचे स्मरण आहे.

वेळेच्या अटी अधिक चमत्कारिक असतात. जर्मनीत वेगमर्यादेखाली ‘बाय नेसे’ अशी पाटी असेल तर ती मर्यादा रस्ता ओला असतानाच लागू होते, कोरड्या रस्त्यावर होत नाही. यावरून कोणी असा तर्क करील की खाली हिमकणाचे चित्र असेल तर ती मर्यादा बर्फ पडले असतानाच लागू होईल. एका चालकाने हाच तर्क केला व दंड झाल्यावर तो न्यायालयात गेला. परंतु हाम येथील उच्च न्यायालयाने 2014 साली असा निकाल दिला की हिमकणाचे चित्र मर्यादेचे केवळ कारण सांगते, तिला अट घालीत नाही, आणि म्हणून कोरड्या रस्त्यावरही ती पाळलीच पाहिजे. तर्कशास्त्र आणि वाहतूकशास्त्र यांच्या सीमारेषा कोठे अलग होतात याचा हा नमुना आहे, आणि संशय येईल तेथे लहान आकडा पाळावा हा त्यातला व्यवहार आहे. इटलीत पाटीवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन हातोड्या असतात. त्या खाणकामाच्या नसून कामाच्या दिवसांच्या आहेत, आणि क्रूस हा सुट्टीच्या दिवसांचा आहे. शनिवार या हिशेबात कामाचा दिवस धरला जातो. जर्मनीतही ‘वेर्कटाग्स’ या शब्दात शनिवार येतो, हे शनिवारी दुपारी गाडी लावणाऱ्याने विसरू नये. फिनलंड-स्वीडनकडे जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की तेथे काळे आकडे कामाच्या दिवसांचे, कंसातले शनिवारचे किंवा सणाच्या आदल्या दिवसाचे, आणि तांबडे आकडे रविवारचे व सुट्टीचे असतात.

हद्दीचा प्रश्न उरला. तो सर्वांत कमी दिसतो, कारण हद्द सांगणारा फलक पुष्कळदा हुकुमासारखा दिसतच नाही. जर्मनीत गावाच्या वेशीवर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचे नाव असते. आपल्याला वाटते की ही नुसती ओळख आहे, परंतु त्या पाटीपासून ताशी 50 किलोमीटरची मर्यादा सुरू होते, वेगळा आकडा कोठेही लिहिलेला नसतो, आणि गाव संपताना तांबडी तिरपी रेघ मारलेली पाटी येईपर्यंत ती टिकते. फ्रान्समध्ये तांबड्या किनारीची पांढरी पाटी हेच सांगते. गावाबाहेर जर्मनीत साध्या रस्त्यावर 100 ची, स्वित्झर्लंडमध्ये 80 ची मर्यादा आहे. फ्रान्सने 2018 साली ती 90 वरून 80 वर आणली, पुढे काही जिल्ह्यांनी पुन्हा 90 केली, त्यामुळे तेथे फलक पाहूनच ठरवावे. फ्रान्स व इटलीच्या महामार्गांवर 130 ची मर्यादा पावसात आपोआप 110 होते. जर्मन आउटोबानवर काही पट्ट्यांत मर्यादा नसते ही कीर्ती सर्वश्रुत आहे. तिरप्या रेघा असलेले पांढरे वर्तुळ आधीची बंधने उठविते, तथापि 130 हा शिफारस केलेला वेग आहे आणि डावी मार्गिका मोकळी ठेवणे हे तेथील पहिले सौजन्य आहे.

दोन बारकावे येथेच नोंदवितो. फ्रान्समध्ये मध्येच लावलेली वेगमर्यादा पुढील चौकापर्यंत चालते. जर्मनीत चौक आला म्हणून ती संपत नाही, उठविणारा फलक येईपर्यंत तिचा अंमल राहतो. गाडी लावण्याच्या मनाईच्या फलकांवर जर्मनीत लहान बाण असतात: रस्त्याकडे रोखलेला बाण बंदीची सुरुवात आणि रस्त्यापासून दूर दाखविणारा बाण तिचा शेवट सांगतो. पहिल्या फलकाच्या अलीकडे गाडी लावली की निर्दोष, दोन हात पलीकडे लावली की दोषी.

इटलीतील जुन्या शहरांच्या वेशी हा तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय होईल. फ्लॉरेन्स, पिसा, सिएना, बोलोन्या, रोम अशा शहरांच्या गाभ्याभोवती मर्यादित वाहतुकीचा पट्टा आखलेला असतो. त्याची ओळख म्हणजे लाल कड्याचे पांढरे वर्तुळ, ‘झेड टी एल’ ही अक्षरे आणि खाली बारीक टंकात लिहिलेल्या वेळा व सवलतीचे अपवाद. तेथे फाटक नसते, नाकेदार नसतो, कोणी हात करून अडवीत नाही. खांबावरचा कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो आणि प्रत्येक प्रवेशाचा दंड वेगळा आकारला जातो, म्हणून वाट चुकून एकाच वेशीतून दोनदा आत आलेल्याला दोन दंड होतात. पुष्कळ ठिकाणी वर एक उजळणारी पाटी असते. तिच्यावर ‘वार्को आत्तिवो’ अशी अक्षरे झळकत असतील तर त्यावरून वेस खुली आहे असे समजून आत जाणारे प्रवासी थोडे नाहीत. चालू असते ती बंदी. ‘नॉन आत्तिवो’ असेल तेव्हाच जावे. वाट दाखविणाऱ्या यंत्राचा यात भरवसा धरू नये, कारण जवळची वाट शोधणे हे त्याचे काम असते आणि ती वाट या पट्ट्यातून गेली तरी त्याला दंड होत नाही. मुक्काम पट्ट्याच्या आत असेल तर हॉटेलला आगाऊ विचारावे की ते गाडीचा क्रमांक नोंदवून घेतील काय, कोणत्या वेशीतून आणि किती वेळासाठी. आणि त्यांचे उत्तर लेखी मागावे. मुक्काम आत नसेल तर गाडी शहराबाहेर लावून ट्रामने किंवा पायी जाणे हाच राजमार्ग होय. फ्लॉरेन्सच्या त्या गल्ल्यांत मोटार नेण्यात सुख तरी कोणते आहे?

जर्मनीतील काही शहरांत अशाच लाल वर्तुळाखाली हिरवी चकती रंगविलेली असते. धूर कमी सोडणाऱ्या गाडीच्या काचेवर तशी हिरवी चकती चिकटविलेली असते व तिच्याविना आत जाता येत नाही. तेथे भाड्याने घेतलेल्या गाडीवर ती बहुधा असतेच, शेजारच्या देशातून घेतलेल्या गाडीवर मात्र पाहून घ्यावी.

दिशादर्शक पाट्यांच्या रंगाला कायद्याने सर्वत्र एक केलेले नाही, आणि सरहद्द ओलांडताच याचा प्रत्यय येतो. जर्मनी, ऑस्ट्रिया व फ्रान्समध्ये महामार्गाची पाटी निळी, इटली व स्वित्झर्लंडमध्ये हिरवी. बासेलपाशी जर्मनीतून स्वित्झर्लंडमध्ये शिरणारा मनुष्य निळ्या पाटीचा शोध घेत राहतो, आणि तेथे निळी पाटी त्याला महामार्गावरून उतरवून साध्या मुख्य रस्त्यावर नेते. स्विस महामार्गासाठी वर्षाचा 40 फ्रँकचा परवाना आधी घ्यावा लागतो. तेथे अल्प मुदतीचा मिळत नाही, ऑस्ट्रियात दहा दिवसांचाही मिळतो.

गाडी लावताना रस्त्यावरच्या रेघांचे रंग पाहावेत. इटलीत पांढऱ्या रेघांतील जागा मोफत, निळ्यातील सशुल्क, पिवळ्यातील राखीव. स्वित्झर्लंडमध्ये निळ्या जागेत वेळेची चकती काचेमागे ठेवावी लागते व पिवळी जागा खाजगी असते. ही चकती लावण्याची रीतही एक नाही: जर्मनीत व स्वित्झर्लंडमध्ये आगमनानंतरच्या पुढील अर्ध्या तासाच्या खुणेवर काटा आणावयाचा, म्हणजे दहा वाजून दहा मिनिटांनी आलेल्याने साडेदहा दाखवावयाचे, तर इटलीत प्रत्यक्ष आगमनाची वेळ लावावयाची.

एवढा तपशील एकट्या चालकाने डोक्यात वागवावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. या देशांत गाड्या उजवीकडून चालतात आणि चालक डावीकडे बसतो. फलक मात्र उजव्या कडेला असतात, म्हणजे शेजारी बसलेल्या व्यक्तीच्या डोळ्यांना ते अधिक जवळचे असतात. तेव्हा पुढच्या जागेचा मान पत्नीला किंवा थोरल्या भावाला द्यावयाचा असेल तर त्याबरोबर फलक मोठ्याने वाचण्याची जबाबदारीही सोपवावी: आकडा, खालची पाटी, आणि चौकाआधी पिवळा चौकोन आहे की नाही, एवढ्या तीन गोष्टी पुरेत. निघण्याच्या आदल्या रात्री संगणकावरील नकाशात रस्त्यांची छायाचित्रे उघडून विमानतळापासून पहिल्या मुक्कामापर्यंतचे चौक एकदा नजरेखालून घालावेत. पहिला तास सर्वांत अवघड असतो. प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना एक वर्षाच्या मुदतीचा असतो, आणि त्यासोबत मूळ परवानाही बाळगावा लागतो.

सारी काळजी घेऊनही एखादा दंड कॅमेऱ्याने टिपलेला असू शकतो, आणि त्याची वार्ता कित्येक महिन्यांनी, प्रवासाची छायाचित्रे पाहून झाल्यावर येते. प्रथम भाड्याने गाडी देणारी पेढी आपल्या कार्डावरून काही रक्कम वळती करते. पुष्कळांना वाटते की दंड भरला गेला. तो भरला गेलेला नसतो. आपले नाव-पत्ता पोलिसांना कळविल्याची ती पेढीची हमाली असते, आणि भाडेकरारात तिची तरतूद असते. खरी नोटीस नंतर टपालाने येते. तिच्यातील दिनांक, वेळ, गाडीचा क्रमांक व ठिकाण ही आपल्या कागदांशी ताडून पाहावीत, आणि हॉटेलने क्रमांक नोंदविण्याचे लेखी मान्य केले असेल तर ते पत्र जोडून नोटिशीत दिलेल्या मुदतीत तक्रार करावी. चूक आपलीच असेल तर इटलीत बहुतेक दंडांवर नोटीस हाती पडल्यापासून पाच दिवसांच्या आत भरणा केल्यास तीस टक्के सूट मिळते. म्हणून परतल्यानंतरच्या वर्षभरात परदेशी तिकिटाचा लिफाफा आला तर तो वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात जाऊ न देता त्याच दिवशी उघडावा.